भुलीतल्या रक्ताची साक्ष

फेरेट हा मुंगसाच्या चणीचा, लांबट अंगाचा आणि आखूड पायांचा प्राणी. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो. अमेरिकेत आणि युरोपात मात्र अनेक घरांत पाळलेला असतो. धडधाकट फेरेटच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा निम्म्याच्या आसपास, म्हणजे माणसापेक्षाही जास्त. अशा फेरेटला मास्कमधून आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू द्या, पंधरा मिनिटे थांबा आणि रक्त पुन्हा तपासा. तांबड्या पेशी, हिमोग्लोबिन, रक्तातली प्रथिने, सगळेच खाली आलेले दिसते, आणि तेही थोडेथोडके नाही. पन्नासचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्केवारीतला वाटा, तिशीच्या घरात उतरू शकतो. रक्तस्राव नाही, जखम नाही, सुईच्या टोचणीपलीकडे अंगाला काही लागलेले नाही. वायू बंद करा, फेरेटला शुद्धीवर येऊ द्या आणि पाऊण तासाने पाहा. आकडे बहुतेक पूर्वपदावर आलेले असतात.

१९९४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मारिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पद्धतशीर मोजून प्रसिद्ध केले. एवढ्या पेशी गेल्या कुठे, हा प्रश्न अर्थातच उरला. त्याचे उत्तर त्यांनी १९९७ मध्ये शोधले आणि त्यासाठी वापरलेली युक्ती मोठी देखणी होती. फेरेटच्या तांबड्या पेशींना टेक्नेशियम-९९एम या अल्पायुषी किरणोत्सारी द्रव्याची खूण लावली, त्या पेशी रक्तात सोडल्या आणि भूल चालू असताना किरणोत्सार कुठे साठतो ते कॅमेऱ्याने पाहिले. तो प्लीहेत साठत होता. फेरेटची प्लीहा अंगाच्या मानाने मोठी असते. वायूच्या अमलाखाली ती सैलावते, फुगते आणि फिरत्या रक्तातल्या तांबड्या पेशी स्वतःत ओढून घेते. पेशी मेलेल्या नसतात, शरीराबाहेर गेलेल्या नसतात. सुई जिथे टोचली त्या शिरेत तेवढ्या नसतात.

फेरेटच्या माद्यांना एक खराखुरा रक्तक्षयही होतो, म्हणून ही माहिती डॉक्टरच्या फार कामाची. नराशी संबंध न आलेली, गर्भाशय-बीजकोश न काढलेली मादी महिनोन्‌महिने माजावरच राहते. तिच्या अंगात इस्ट्रोजेन साचत जाते आणि ते अस्थिमज्जेला जवळजवळ गप्प बसवते. अशा मादीचा हिमॅटोक्रिट भुलीत घेतलेल्या नमुन्यात ३० आला, तर तो आजाराचा ३० की वायूचा? रक्त चढवायचे की नाही, याचा निर्णय त्या आकड्यावर टेकलेला असतो. नमुना भूल देण्याआधी घेतला की भूल दिल्यावर दुसऱ्या मिनिटाला की विसाव्या, हे कागदावर नसेल तर त्या ३० ला काही अर्थ नाही. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म इथेच आहे. भुलीतल्या छोट्या प्राण्याच्या रक्ताचा आकडा कधीच एकट्या प्राण्याचा नसतो. त्यात वायू असतो, सुई असते, यंत्र असते, खोलीतली हवा असते. तो मोजायलाच हवा. पण मोजणाऱ्याला हे सगळे वजा करता यायला हवे.

मग मुळात भुलीत रक्त काढायचेच कशाला? पहिले कारण अगदी साधे आहे. हे प्राणी जागे असताना रक्त देत नाहीत. पाळीव आफ्रिकी हेजहॉग डॉक्टरच्या टेबलावर आला की काट्यांचा चेंडू होऊन बसतो. त्याचे तोंडसुद्धा दिसत नाही, तिथे मानेखालची शीर कुठून दिसणार? त्याला साधे तपासायचे तरी बंद पेटीत वायू सोडून गुंगी आणावी लागते. गिनीपिगच्या पायाच्या शिरा बारीक आणि आखूड, मान जवळजवळ नाहीच. शुगर ग्लायडर शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, आणि हातात धरला की किंचाळून घर डोक्यावर घेणारा. ससा शांत बसतो, पण ती शांतता भीतीची असते. नको तसा धरला आणि त्याने मागच्या पायांनी जोरात झटका दिला तर त्याचाच मणका मोडतो. त्यामुळे यांतल्या कित्येक प्राण्यांचे रक्त जगभर वायूच्या अमलाखालीच घेतले जाते. याचा एक मजेशीर परिणाम असा, की हेजहॉगसारख्या प्राण्याचे ‘नॉर्मल’ म्हणून जे आकडे पुस्तकांत छापलेले असतात, तेही बव्हंशी भुलीतल्या प्राण्यांचेच असतात. जाग्या हेजहॉगच्या रक्ताबद्दल आपल्याला माहिती त्याहून कमीच.

दुसरे कारण शस्त्रक्रियेचे. नसबंदी, दातांचे घासकाम, मूतखडा, गाठ, आतड्यातला अडथळा अशा कामांसाठी भूल अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त चालते, आणि तेवढ्या वेळात छोट्या शरीराची घडी झपाट्याने विस्कटू शकते. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांतून भुलीतल्या मृत्यूंची नोंद ठेवली गेली. डेव्हिड ब्रॉडबेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते आकडे प्रसिद्ध केले. भूल आणि गुंगी दिलेल्या कुत्र्यांत मृत्यूचे प्रमाण ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, सशांत १.३९ टक्के आणि गिनीपिगांत ३.८ टक्के. म्हणजे ससा कुत्र्याच्या आठपट धोक्यात आणि गिनीपिग वीसपटीहून जास्त. त्यातही सशांचे निम्म्याहून अधिक मृत्यू शस्त्रक्रिया चालू असताना झाले नव्हते. ते भूल बंद केल्यावर, सगळे पार पडले असे वाटत असताना झाले होते. टाके घालून झाले की हातमोजे काढून चहाला जाण्याची वेळ ती नाही, एवढे त्या आकड्यांवरून कळते.

आता रक्त किती काढता येते त्याचा हिशेब. सस्तन प्राण्यांच्या अंगात किलोमागे साधारण ६० ते ७५ मिलिलिटर रक्त असते. दोन किलोच्या सशाकडे सव्वाशे मिली, एक किलोच्या फेरेटकडे साठ-सत्तर, सव्वाशे ग्रॅमच्या हॅमस्टरकडे आठ-नऊ मिली म्हणजे दोन चमचेही नाहीत, आणि पंचवीस ग्रॅमच्या उंदराकडे जेमतेम पावणेदोन. निरोगी प्राण्याच्या एकूण रक्तापैकी एक दशांशापर्यंत एका वेळी काढलेले चालते, असा सर्वसाधारण दंडक आहे; आजारी असेल तर त्याहून कमी. म्हणजे हॅमस्टरकडून पाऊण मिली, तेही फार झाले. आपल्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये एका साध्या तपासणीची बाटली दोन मिली मागते. शिवाय शस्त्रक्रियेत रक्त जाते ते वेगळेच. रक्ताने चिंब भिजलेला कापसाचा एवढासा बोळा माणसाच्या ऑपरेशनमध्ये कुणी मोजत नाही. हॅमस्टरच्या ऑपरेशनमध्ये असे दोन-तीन बोळे म्हणजे त्याच्या रक्ताचा लक्षणीय भाग. म्हणून हे बोळे टाकून न देता बारीक काट्यावर तोलायचे असतात. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली रक्त.

या अडचणीतून वाट काढली ती हातात मावणाऱ्या यंत्रांनी. त्यांतले ‘आय-स्टॅट’ हे नाव पशुवैद्यांच्या तोंडी सर्वांत जास्त. मूळ माणसांच्या अतिदक्षता विभागासाठी केलेले हे यंत्र थोडे जाडजूड दूरध्वनीच्या आकाराचे असते. खरी करामत त्याच्या कार्ट्रिजमध्ये. काड्यापेटीएवढ्या प्लास्टिकच्या त्या तुकड्यात बारीक संवेदकांची रांग आणि कॅलिब्रेशनच्या द्रवाची छोटी पिशवी असते. सिरिंजमधून रक्त खुणेपर्यंत सोडायचे, कार्ट्रिजच्या जातीप्रमाणे ६५ ते ९५ मायक्रोलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब. मध्ये हवेचा बुडबुडा आला तर कार्ट्रिज वाया. झाकण मिटवून यंत्रात सरकवले की आतली पिशवी फुटते, आधी तो द्रव संवेदकांवरून वाहतो, यंत्र त्यावर स्वतःला जोखून घेते, मग रक्त पुढे ढकलते. दोन-तीन मिनिटांत सोडियम, पोटॅशियम, आयनरूप कॅल्शियम, साखर, रक्ताची आम्लता, कार्बन डायऑक्साइड असे आकडे पडद्यावर येतात. कुठल्या कार्ट्रिजवर काय मिळणार ते आधी ठरवून घ्यायचे. शस्त्रक्रिया चालू असताना निर्णय घेता येईल इतक्या वेगाने उत्तर मिळते, ही गोष्ट फार मोठी.

पण इथेही वजाबाकी आहेच. हे यंत्र हिमॅटोक्रिट थेट मोजत नाही. रक्तातून वीज किती सहज वाहते ते पाहते. पेशी विजेला अडवतात, त्यावरून पेशींचा अंदाज करते. प्रथिनेही विजेला थोडी अडवतात, आणि ती नेहमीइतकीच असतील असे यंत्राने गृहीत धरलेले असते. आता फेरेट भुलीत आहे, प्लीहेने पेशी ओढून घेतल्या आहेत, वायूने प्रथिनेही खाली आणली आहेत, वर शिरेतून सलाइन चालू आहे. यंत्र दाखवील तो हिमॅटोक्रिट खऱ्याहूनही कमी असणार. म्हणून जुन्या पद्धतीची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पट्टीवर वाचायची काचेची बारीक नळी अजून बाद झालेली नाही, आणि होऊही नये. तिला रक्तही थेंबभरच लागते.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. या यंत्राला भोवतालची हवा १६ ते ३० अंश सेल्सियसच्या दरम्यान लागते, आणि कार्ट्रिज फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे एसी नसलेल्या खोलीत हे यंत्र तापमानाची तक्रार करून काम थांबवते. नेमक्या त्याच दिवसांत उष्माघात झालेले ससे दवाखान्यात येत असतात.

सशाच्या बाबतीत निसर्गाने एक सोय मात्र फार छान करून ठेवली आहे. त्याच्या कानाच्या मधोमध, कातडीखाली डोळ्यांना दिसेल अशी धमनी धावते आणि कानाच्या कडेने शीर. बहुतेक प्राण्यांत धमनीतले रक्त मिळवायचे तर अंदाजाने, नाडी चाचपून सुई घालावी लागते; सशात ती उजेडासमोर धरलेल्या कानात स्पष्ट दिसते. केस काढायचे, बधिर करणारे मलम लावून ते भिनेपर्यंत थांबायचे, आणि २४ किंवा २६ नंबरची बारीक कॅन्युला सरकवायची. मग तिथून रक्तदाबही सतत कळतो आणि लागेल तेव्हा दोन थेंब रक्तही. कॅन्युला काढताना घाई नको. त्या जागी काही मिनिटे घट्ट दाबून धरले नाही तर कानात रक्त साकळते. धमनीतल्या रक्ताचे महत्त्व असे, की फुप्फुसे कशी चालली आहेत हे तेच सांगते. शिरेतले रक्त पेशींना प्राणवायू देऊन परत निघालेले असते. त्याच्यावरून फुप्फुसांची परीक्षा करता येत नाही.

आणि फुप्फुसांची परीक्षा तर करायलाच हवी, कारण भुलीचा वायू श्वास मंदावतो. आयसोफ्लुरेनचे मोठे गुण असे, की त्याचा एक टक्काही भाग यकृतात मोडला जात नाही, तो श्वासातून आला तसा परत जातो, आणि वायूचे प्रमाण ठरवणारी चकती थोडी मागे फिरवली की प्राणी काही मिनिटांत जागा व्हायला लागतो. १९५० च्या दशकात आलेल्या हॅलोथेनचा पाचवा हिस्सा यकृताला निस्तरावा लागे. यकृताची खात्री नसलेल्या छोट्या प्राण्यांसाठी आयसोफ्लुरेन वरदानच ठरले. पण त्याला उग्र वास आहे, आणि सशाला तो अजिबात खपत नाही. मास्क तोंडाला लावला की ससा श्वासच रोखून धरतो, कधी कधी मिनिटापेक्षाही जास्त. हृदयाचे ठोके घसरतात, रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ससा शांत झाला. सेव्होफ्लुरेन या दुसऱ्या भुलीच्या वायूचा वास त्या मानाने सौम्य, तरी ससे त्यालाही श्वास रोखतात. म्हणून आता आधी इंजेक्शनने गुंगी आणून मगच वायूकडे वळायचे, ही रीत बहुतेक जाणकारांनी मान्य केली आहे.

श्वास उथळ झाला की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रक्त आम्लतेकडे झुकते. तो मोजायचा सोपा मार्ग म्हणजे उच्छ्वासातली हवा शोषून घेणारा कॅप्नोग्राफ. पण माणसांसाठी केलेली यंत्रे मिनिटाला दीडशे-दोनशे मिली हवा ओढतात, आणि हॅमस्टर मिनिटभरात जेवढी हवा फुप्फुसांत आत-बाहेर करतो ती शंभर मिलीच्याही आत. उरलेली हवा यंत्र नळीतल्या ताज्या प्राणवायूतूनच ओढणार. मग कार्बन डायऑक्साइड पातळ होऊन दिसतो आणि पडद्यावर सगळे आलबेल. अशा वेळी खरे काय ते रक्ताचा थेंबच सांगतो. रक्त आम्ल झाले की पोटॅशियम पेशींतून बाहेर रक्तात यायला लागते, आणि पोटॅशियम एका मर्यादेपलीकडे गेले की हृदयाची लय बिघडते. मूतखड्याने लघवी अडलेला गिनीपिग टेबलावर असेल तर त्याचे पोटॅशियम आधीच चढलेले असते. त्याला भूल देण्याआधी तो एक आकडा माहीत नसणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून काम करणे.

पोटॅशियमसारखा फसवा आकडाही दुसरा नाही. तांबड्या पेशींत ते कितीतरी प्राण्यांत ठासून भरलेले असते. अगदी बारीक सुईतून जोराने रक्त ओढले, सिरिंज हलवली-आपटली, की पेशी फुटतात आणि त्यांतले पोटॅशियम बाहेर सांडते. रक्त हिमोलाइज झाले, असे लॅबवाले म्हणतात. नमुना सेंट्रिफ्यूज केला तर वरचा द्रव लालसर दिसून ते उघड होते, पण कार्ट्रिजमध्ये थेट अख्खे रक्त जाते, तिथे रंग कोण पाहणार? तसेच रक्त गोठू नये म्हणून वापरायच्या हेपरिनचे. सिरिंजमध्ये द्रव हेपरिन जास्त राहिले तर रक्त पातळ होते आणि आयनरूप कॅल्शियम कमी दिसते. अर्धा मिलीच्या नमुन्यात हेपरिनचा एक थेंबही जास्तच.

कॅल्शियमवरून आठवले, सशाचे कॅल्शियम पाहून माणसांच्या लॅबमधला तंत्रज्ञ हमखास दचकतो. माणसात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅमच्या दरम्यान असणारा आकडा निरोगी सशात तेरा-चौदाही असतो. ससा आहारातले कॅल्शियम भरमसाट शोषून घेतो आणि जास्तीचे लघवीवाटे टाकतो. त्याची लघवी दुधट, खडूसारखी दिसते ती त्यामुळेच. सशाच्या पांढऱ्या पेशींतल्या एका प्रकारात लालसर कण असतात, त्यांना माणसांच्या लॅबमध्ये इओसिनोफिल समजून ॲलर्जीचा शेरा मारला जातो, हेही नेहमीचेच. आपल्याकडे छोट्या प्राण्यांचे नमुने बऱ्याचदा माणसांच्याच लॅबमध्ये जातात. तो रिपोर्ट वाचताना शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ची चौकट हाताने झाकून ठेवावी, असे मी म्हणेन.

साखरेकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण छोट्या प्राण्यांच्या रक्तातला सर्वांत बोलका आकडा तोच. मधल्या वयाच्या आणि म्हाताऱ्या फेरेटमध्ये स्वादुपिंडाला इन्सुलिन बनवणारी गाठ होणे अगदी नेहमीचे आहे. फेरेट मागच्या पायांनी लटपटतो, शून्यात पाहत बसतो, तोंडाला पंजे लावतो. तीन-चार तास उपाशी ठेवून साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आली की संशय येतो, ६० च्या खाली तो बळावतो. अशा फेरेटला कुत्र्यासारखे रात्रभर उपाशी ठेवून ऑपरेशनला घेतले तर सकाळी तो झटके येतानाच सापडेल. भुलीत तर झटक्याची सूचनाही मिळत नाही. निपचित पडलेल्या प्राण्याची साखर चाळीसला आली तरी तो तसाच निपचित दिसतो. म्हणून अशा शस्त्रक्रियेत ठरावीक वेळाने साखर पाहत डेक्स्ट्रोजचे सलाइन कमी-जास्त करत राहावे लागते.

उलट बाजूही आहे. आयसोफ्लुरेन स्वतः इन्सुलिनचा स्राव दाबतो. उंदरांत भुलीत साखर चढते हे प्रयोगशाळांत कामे करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. गुंगीसाठी वापरली जाणारी झायलाझिन, मेडेटोमिडिन ही औषधेही तेच करतात. त्यामुळे भुलीत साखर २०० आली म्हणून हॅमस्टरला मधुमेह झाला असे ठरवू नये.

सशात हीच साखर जीवन-मरणाचा निवाडा करते. ससा खायचा थांबला, पोट फुगले, गोळा होऊन बसला, की प्रश्न एकच. आतडे नुसते मंदावले आहे, की केसांच्या गोळ्याने कुठे अडले आहे? पहिल्याला औषध आणि सलाइन पुरते, दुसऱ्याला अनेकदा पोट उघडावे लागते. ब्रिटनमधल्या फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राऊन यांनी ९०७ पाळीव सशांची साखर मोजून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. नुसते आतडे मंदावलेल्या सशांत सरासरी लिटरमागे ८.५ मिलिमोल, आतडे अडलेल्यांत २४.७. वीसच्या पुढे गेलेली साखर धोक्याची घंटा. आपल्याकडच्या डेसिलिटरमागच्या मिलिग्रॅममध्ये आणायचे तर अठराने गुणायचे: वीस म्हणजे ३६०. हा गुणाकार विसरला तर ब्रिटिश पुस्तकातला वीसचा इशारा भारतीय ग्लुकोमीटरसमोर निरर्थक होतो. मात्र हा नमुना गुंगीचे इंजेक्शन देण्याआधी घ्यायचा. नंतर घेतला तर आतडे बोलते आहे की मेडेटोमिडिन, ते कळायचे नाही. कानाच्या कडेच्या शिरेतून एक थेंब पुरतो, आणि त्यासाठी ससा झोपवावा लागत नाही.

घरातला मधुमेहाचा ग्लुकोमीटर चालेल का? अडल्या वेळी चालेल, पण तो साखर कमी दाखवण्याची शक्यता आहे. माणसाच्या रक्तात साखर पेशींमध्ये आणि बाहेरच्या द्रवात बऱ्यापैकी वाटलेली असते. कुत्र्या-मांजरांत ती बहुतेक द्रवातच असते आणि फेरेटमध्येही माणसांचे मीटर कमीच दाखवतात. जनावरांसाठीचे मीटर हा फरक धरून चालते. एकच मीटर आधी, मध्ये आणि नंतर वापरले तर चढ-उतार तरी खरा कळतो. खरे सांगायचे तर बहुतेक वेळा तेवढाच हवा असतो.

उरते ते तापमान. आकार जेवढा लहान तेवढे अंगाच्या मानाने कातडीचे क्षेत्र जास्त, आणि नळीतून येणारा कोरडा, गार प्राणवायू उरलीसुरली ऊब काढून घेतो. केस भादरून स्पिरिट लावलेला उंदीर गरम गादीविना दहा-पंधरा मिनिटांत कित्येक अंशांनी गार पडू शकतो. थंड शरीरात औषधांचा निचरा मंदावतो, शुद्धीवर यायला वेळ लागतो. यंत्र मात्र प्रत्येक थेंब ३७ अंशांवर तापवून मोजते. थंड रक्तात वायू जास्त विरघळतात, त्यामुळे ३३ अंशांच्या प्राण्याचा आणि ३९ अंशांच्या प्राण्याचा यंत्रावरचा कार्बन डायऑक्साइड सारखा दिसला तरी त्यांच्या अंगात तो सारखा नसतो. यंत्राला प्राण्याचे तापमान भरून सुधारित आकडा मागता येतो. ती सोय पुष्कळ जण वापरतच नाहीत.

कुणी म्हणेल, एवढे घोळ असतील तर मोजायचेच कशाला? श्वास पाहावा, हिरड्यांचा रंग पाहावा, छातीला हात लावावा. हे सगळे पाहावेच. त्याची जागा यंत्र घेत नाही. पण ससा आणि गिनीपिग या शिकार होणाऱ्या जाती. दुखणे लपवणे त्यांच्या रक्तातच आहे आणि ज्या दिवशी ते मालकाला दिसते त्या दिवशी ते पुष्कळ पुढे गेलेले असते. भुलीआधी साखर, पोटॅशियम, हिमॅटोक्रिट आणि मूत्रपिंडाचे आकडे, भुलीत जिथे गरज तिथे दोन थेंब, आणि भूल उतरल्यावर पुन्हा एक साखर, एवढे करणे छोट्या दवाखान्यालाही अशक्य नाही. प्रत्येक नसबंदीला धमनीत कॅन्युला घालावी असे मी म्हणणार नाही. निरोगी, तरण्या सशाच्या पंधरा मिनिटांच्या कामासाठी ती उलट भूल लांबवील.

घरी ससा, गिनीपिग किंवा हॅमस्टर असेल आणि ऑपरेशन ठरले असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: रक्त भूल देण्याआधी घेणार की नंतर, किती घेणार, आणि भूल उतरल्यावर पहिले काही तास जवळ कोण बसणार. ससा किंवा गिनीपिग असेल तर त्याला रात्रभर उपाशी ठेवू नका. हे प्राणी उलटी करू शकत नाहीत, आणि पोट रिकामे राहिले तर त्यांचे आतडे मंदावते. रिपोर्ट हातात आला की त्यावर नमुना जाग्या प्राण्याचा की भुलीतला, कुठला वायू, किती मिनिटांनी आणि अंगाचे तापमान किती होते, एवढी एक ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढच्या वेळी जो कोणी डॉक्टर तो कागद पाहील, त्याला तीच ओळ आधी लागणार आहे.